‘विश्वविनायक’ : अजय-अतुल या दोन भावांचा पहिला अल्बम

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आपल्या मंडळाच्या मांडवात जी गाणी लागतात, त्यांतले एक लागले की लहानथोर सगळे क्षणभर थांबतात. ते म्हणजे शंकर महादेवन यांच्या आवाजातील ‘श्री गणेशाय धीमहि’. उज्जैनमध्ये ते आपल्या मांडवातच नव्हे, तर फ्रीगंजच्या दुकानांत, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत आणि कित्येकांच्या मोबाइलच्या रिंगटोनमध्येही ऐकू येते. गेल्या वर्षी आरतीनंतर सहज विचारले, “हे गाणे कोणत्या अल्बममधले? संगीत कोणाचे?” गायकाचे नाव बहुतेकांनी बरोबर सांगितले. संगीतकारांचे नाव दोघांनीच सांगितले. अल्बमचे नाव कोणालाच सांगता आले नाही.

म्हणून ही नोंद. त्या अल्बमचे नाव ‘विश्वविनायक’, आणि तो अजय आणि अतुल गोगावले या दोन सख्ख्या भावांचा पहिला अल्बम. पुढे ‘नटरंग’ आणि ‘सैराट’ करणारे हेच ते दोघे. पण हा लेख त्यांच्या प्रसिद्धीचा नाही. ज्यांना कोणी ओळखत नव्हते अशा दोन भावांचे पहिले काम कसे उभे राहिले, त्याला घरातून काय लागले आणि बाहेरून काय लागले, एवढेच येथे पाहायचे आहे. आपल्याही घरांत गाणारी-वाजवणारी मुले आहेत, म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

अल्बमची ओळख

‘विश्वविनायक’ २००१ साली टाइम्स म्युझिकने प्रकाशित केला. विषय एकच, श्रीगणेश. शब्दांचा आधार मुख्यतः पारंपरिक संस्कृत श्लोक आणि नामावलीचा. गाण्यासाठी दोन मोठे आवाज होते, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. संगीत अजय-अतुल यांचे. व्यावसायिक पातळीवर लोकांसमोर आलेले त्यांचे हे पहिले मोठे काम होय.

तो काळ आठवावा. घराघरात कॅसेट-प्लेअर होते आणि सीडी नुकत्या येऊ लागल्या होत्या. भक्तिगीतांच्या कॅसेटचा बाजार प्रचंड होता, पण त्यातला बराच माल घाईने तयार झालेला असे. लोकप्रिय सिनेगीताची चाल उचलायची, त्यावर देवाचे नाव बसवायचे आणि चतुर्थीच्या आत कॅसेट दुकानात पोहोचवायची, असा धंदा जोरात होता. अशा बाजारात दोन नवख्या तरुणांनी संस्कृत शब्द घेतले आणि त्यांना सिम्फनीच्या धाटणीचा भव्य वाद्यमेळ दिला. व्यापाराच्या दृष्टीने हा धोकाच होता. संस्कृत कोण विकत घेणार, हा प्रश्न कोणीही विचारला असता.

दोघे भाऊ, बदल्यांचे बालपण

अतुल मोठे, जन्म ११ सप्टेंबर १९७४. अजय धाकटे, जन्म २१ ऑगस्ट १९७६. म्हणजे अल्बम आला तेव्हा दोघेही तिशीच्या आत होते. वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यांच्या बदल्यांमुळे मुलांचे बालपण पुणे जिल्ह्यातील आळंदी, राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा गावांत गेले.

ज्यांनी बदलीची नोकरी केली आहे, त्यांना हे सांगायला नको. दर तीन वर्षांनी सामान बांधायचे, नवी शाळा, नवे शेजारी. मुलांना याचा त्रास होतो हे खरे. पण या दोन मुलांच्या बाबतीत बदलीने एक देणगीही दिली. प्रत्येक गावचा देव वेगळा, जत्रा वेगळी, वाजवणारे हात वेगळे. आळंदीला टाळ-मृदंग आणि वारकऱ्यांचे भजन. इतर गावांत तमाशा, लग्नातील बँड, जागरण-गोंधळ. पुढे त्यांच्या संगीतात ढोलकी, संबळ, हलगी इतक्या सहजपणे का येतात, याचे उत्तर या गावांत आहे.

घरात संगीताची परंपरा नव्हती. ना गुरू, ना घराणे, ना घरात वाद्य. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करायची आणि त्याच्याकडे जाऊन वाजवायचे, असा या दोघांचा शिरस्ता होता. देवळातली पेटी, भजनी मंडळाचा मृदंग, बँडवाल्यांची वाद्ये, हाताला जे लागेल ते त्यांनी वाजवून पाहिले. एका मित्राकडे सिंथेसायझर आला, तेव्हा तो त्यांना वापरायला मिळाला. पुढे मुलांचा ध्यास पाहून वडिलांनी त्यांना कीबोर्ड घेऊन दिला. सरकारी नोकरदाराला त्या काळी ही खरेदी सहज परवडणारी नव्हती.

त्यानंतर जाहिरातींची जिंगल्स, नाटकांचे पार्श्वसंगीत, नृत्यनाट्ये अशी पडेल ती कामे करत दोघे मुंबईकडे सरकले. ‘विश्वविनायक’ त्यातूनच पुढे आला. म्हणून ‘पहिला अल्बम’ म्हणताना त्यामागे दहा-बारा वर्षांची उमेदवारी आहे हे लक्षात ठेवावे. बँकेच्या भाषेत, ताळेबंदात शिल्लक एका दिवशी दिसते, पण ती एका दिवसात जमलेली नसते.

ऐकताना काय ऐकावे

संगीतशास्त्र मी शिकलेलो नाही. साध्या श्रोत्याला जे जाणवते तेवढेच मांडतो.

पहिली गोष्ट शब्दांची. ‘श्री गणेशाय धीमहि’ हे गाणे म्हणजे गणपतीच्या नावांची माळ आहे. बहुतेक नावे चतुर्थी विभक्तीत येतात, म्हणजे ‘गणेशाला’ या अर्थाने ‘गणेशाय’. ‘धीमहि’ म्हणजे आम्ही ध्यान करतो. हा शब्द गायत्रीच्या ठेवणीतला. आपल्यापैकी जे रोज अथर्वशीर्ष म्हणतात त्यांना हा साचा ओळखीचा आहे, कारण गणेशगायत्री त्यातच येते. तेव्हा गाणे नवे असले तरी त्याचा पाया आपल्या जिभेवर आधीपासून बसलेला होता. संस्कृत कोण विकत घेणार, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अथर्वशीर्षाची आवर्तने करणाऱ्या समाजाला ही भाषा परकी नव्हतीच.

दुसरी गोष्ट लयीची. ‘-आय, -आय’ असा एकच शेवट पुन्हा पुन्हा आल्यामुळे शब्दांनाच एक ठेका येतो. ज्याला अर्थ कळत नाही असे चार वर्षांचे मूलही तो ठेका पकडते. आपल्या मांडवातली मुले गाण्याचे निम्मे शब्द चुकवतात, पण ठेका चुकवत नाहीत.

तिसरी गोष्ट वाद्यमेळाची. एरवी भक्तिगीतात पेटी, तबला, टाळ आणि फार तर बासरी. येथे व्हायोलिनच्या अंगाने जाणारा भरणा, मागे समूहस्वर, आणि हळूहळू चढत जाणारी रचना आहे. हे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे तंत्र. दाक्षिणात्य संगीतकार इळैयराजा यांना हे दोघे आदर्श मानतात, आणि लोकसंगीताला सिम्फनीच्या वाद्यमेळात बसवण्याचे काम इळैयराजांनी आधी केलेले होते. अजय-अतुल यांनी तो मार्ग मराठी मातीत आणला. मोठ्या वाद्यमेळाने शब्द झाकून टाकण्याची भीती असते. या गाण्यात तसे होत नाही. वाद्यमेळ मखरासारखा आहे, मूर्ती पुढेच राहते.

चौथी गोष्ट समूहस्वराची. आपल्या आरतीत एकजण उचलतो आणि बाकीचे मागून म्हणतात. येथेही तेच आहे. स्टुडिओत बांधलेले गाणे असूनही ते मांडवात सगळ्यांना म्हणता येते, ते यामुळे.

मोठ्या आवाजांचा आधार

२००१ साली अजय-अतुल हे नाव पाहून कोणी कॅसेट उचलली नसती. उचलली ती गायकांच्या नावावर. ‘एक दूजे के लिये’ (१९८१) आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) या चित्रपटांमुळे बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज उत्तरेतही घराघरात पोहोचला होता. शंकर महादेवन १९९८ च्या ‘ब्रेथलेस’मुळे गाजत होते, आणि २००१ मध्येच ‘दिल चाहता है’चे संगीतकार म्हणून एहसान-लॉय यांच्यासह त्यांचे नाव झाले. मुंबईत चेंबूरला वाढलेल्या तमिळ घरातील या गायकाचे मराठी उच्चार आपण नंतर ‘कट्यार काळजात घुसली’च्या (२०१५) निमित्ताने वाखाणले. बालसुब्रह्मण्यम २५ सप्टेंबर २०२० रोजी गेले.

या दोघांनी नवख्यांचे काम घेतले, ते मनापासून गायले. कर्जप्रकरणात जामीनदार लागतो. कर्ज फेडायचे असते कर्जदारालाच, पण जामीनदाराची सही नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. ‘विश्वविनायक’च्या बाबतीत हे दोन आवाज जामीनदार ठरले. फेड मात्र भावांनी स्वतःच्या संगीतातून केली.

मराठी घरांतली भावंडे

भावंडांनी मिळून गाणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. गणपतीच्या ज्या आरत्या आपण लहानपणापासून ध्वनिमुद्रिकेवर ऐकतो, त्या मंगेशकर भावंडांच्या. लताबाई आणि उषाताई यांचे आवाज आणि हृदयनाथांचे संगीत. ‘गणराज रंगी नाचतो’ आणि ‘गजानना श्री गणराया’ ही गाणीही हृदयनाथांनी संगीत दिलेली आणि लताबाईंनी गायलेली, शब्द शांताबाई शेळके यांचे. लताबाईंचा जन्म आपल्या शेजारी इंदूरला, २८ सप्टेंबर १९२९ चा. तेव्हा या भावंडांवर माळव्याचाही थोडा हक्क आहे, असे आपण दर वर्षी म्हणतोच.

दुसरे घर शिंदे यांचे. प्रल्हाद शिंदे यांची गणपतीची आणि विठ्ठलाची गाणी गावोगाव वाजली. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी तो वारसा पुढे नेला आणि नातू आदर्श शिंदे आज गात आहे.

या दोन्ही घरांत वडील स्वतः गायक होते. मास्टर दीनानाथ आणि प्रल्हाद शिंदे यांच्या मुलांच्या कानावर सूर जन्मापासून पडत होते. गोगावले भावांचे वेगळेपण येथे आहे. त्यांच्या घरात गाणे नव्हते, गाण्याची ओढ होती. वडिलांकडून वारशात मिळाले ते संगीत नव्हे, संगीतावरचा विश्वास. आपल्यापैकी बहुतेकांची घरे दीनानाथांच्या घरासारखी नाहीत. ती गोगावले यांच्या घरासारखी आहेत.

अमेरिकेतील पाच भावांचा पहिला अल्बम

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण. अमेरिकेत इंडियाना राज्यात गॅरी नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. तेथे जॅक्सन नावाचे कृष्णवर्णीय कुटुंब राहत असे. वडील जोसेफ कारखान्यात क्रेन चालवत आणि फावल्या वेळात गिटार वाजवत. त्यांच्या गिटारला हात लावायची मुलांना बंदी होती. टिटो नावाच्या मुलाने ती चोरून वाजवली आणि तार तोडली. वडील आधी संतापले, पण मुलाचे वाजवणे ऐकून त्यांनी त्याला गिटार आणून दिली. त्यातूनच जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन आणि मायकेल या पाच भावांचा ‘जॅक्सन फाइव्ह’ हा संच तयार झाला.

ते जे गात, त्याला ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनाची धाटणी आणि नाचाच्या तालाचे लौकिक गाणे यांच्या मिलाफातून ही शैली घडली. एकाने उचलायचे आणि समूहाने उत्तर द्यायचे ही रीत तेथेही आहे. आपल्या भजनाची आठवण यावी अशीच.

त्यांचा पहिला अल्बम मोटाऊन कंपनीने १८ डिसेंबर १९६९ रोजी काढला. मुख्य गायक मायकेल तेव्हा ११ वर्षांचा होता. अल्बमचे नाव होते ‘डायना रॉस सादर करीत आहे जॅक्सन फाइव्ह’. डायना रॉस ही कंपनीची सर्वांत मोठी गायिका. मुलांना तिनेच शोधले असा प्रचारही झाला. प्रत्यक्षात त्यांना कंपनीपर्यंत नेण्यात बॉबी टेलर या गायकाचा मोठा वाटा होता आणि अल्बममधील बरीच गाणी त्यानेच बसवून घेतली होती. पण नाव मोठे हवे होते, म्हणून डायना रॉस पुढे आली. या अल्बममधील ‘आय वाँट यू बॅक’ हे गाणे जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

वडिलांनी घेऊन दिलेले वाद्य आणि मोठ्या कलावंताच्या नावाचा आधार, या दोन्ही गोष्टी येथेही आहेत. फरकही आहे, आणि तो पालकांनी लक्षात घ्यावा असा आहे. जोसेफ जॅक्सन फार कठोर होते. सरावात चूक झाली की मार मिळे आणि आपले बालपण हरवले, असे मायकेलने मोठेपणी जाहीरपणे सांगितले. तिकडे वडील मुलांच्या मागे लागले होते. गोगावले यांच्या घरी मुले वाद्याच्या मागे लागली होती आणि वडिलांनी साथ दिली. टीव्हीवरील गाण्यांच्या स्पर्धांसाठी सहा-सात वर्षांच्या मुलांना घेऊन इंदूर-भोपाळच्या निवड चाचण्यांना रांगा लावणाऱ्या आईवडिलांनी हा फरक जरूर पाहावा.

पुढची वाटचाल, थोडक्यात

‘श्री गणेशाय धीमहि’ २००५ साली महेश मांजरेकर यांच्या ‘विरुद्ध’ या हिंदी चित्रपटात घेतले गेले आणि हिंदी श्रोत्यांपर्यंत पोहोचले. त्याआधी २००४ मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’ने मराठी चित्रपटात दोघांचा जम बसला होता. ‘जोगवा’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० च्या आरंभी ‘नटरंग’ने लावणी आणि तमाशाचे संगीत नव्या पिढीपर्यंत नेले. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तेथील वादकांकडून सिम्फनी वाजवून घेतली. ‘विश्वविनायक’मध्ये जे स्वप्न पाहिले होते, ते १५ वर्षांनी असे पूर्ण झाले.

गणपती मात्र त्यांनी सोडला नाही. ‘उलाढाल’मधील (२००८) ‘मोरया मोरया’ आणि ‘अग्निपथ’मधील (२०१२) ‘देवा श्री गणेशा’ ही दोन्ही गाणी त्यांचीच, आणि दोन्ही अजय यांनी स्वतः गायलेली. पहिल्या अल्बममध्ये दुसऱ्यांच्या आवाजामागे उभा असलेला धाकटा भाऊ आता स्वतःच मांडव गाजवतो.

आपल्यापुरते

एक जुना प्रसंग सांगून संपवतो. नोकरीत असताना, नव्वदीच्या दशकात, शाखेतील एक सहकारी माझ्याकडे कर्जाची विचारणा करायला आला. त्याच्या दोन मुलांना ‘कॅसिओ’ घ्यायचा होता. मी नियमावली काढली. दुचाकीला कर्ज होते, फ्रिजला होते, घरदुरुस्तीला होते. वाद्याचे कलम नव्हते. मी त्याला तसे सांगितले आणि वर सल्लाही दिला, “त्यापेक्षा मुलांना टायपिंगच्या क्लासला घाला.” तो काही बोलला नाही. पुढे त्याने पतपेढीतून पैसे उचलले आणि वाद्य आणले. त्या वर्षी गणपतीत ती दोन मुले आमच्या मोहल्ल्यात वाजवायला बसली, तेव्हा मी पुढच्या रांगेत होतो आणि मान वर करून त्यांच्या वडिलांकडे पाहणे मला जमले नाही. ती मुले प्रसिद्ध वगैरे झाली नाहीत. मोठा पुण्यात नोकरी करतो, धाकटा येथेच दुकान पाहतो. पण दर गणपतीत दोघे एकत्र येतात आणि घरच्या आरतीला वाजवतात. ते वाद्य अजून चालू आहे.

नियमाने मी चुकलो नव्हतो. पण तारण आणि परतफेड यांपलीकडे पाहण्याची सवय मला नव्हती. गोगावले भावांच्या वडिलांची गोष्ट वाचली तेव्हा मला तो सहकारी आठवला.

उज्जैन हे गणपतीचेही गाव आहे. महाकाळाशेजारी बडे गणेश आहेत आणि गावाबाहेर चिंतामण गणेश. शिंदेशाहीपासून येथे राहणाऱ्या आपल्या घरांनी आरत्या आणि अथर्वशीर्ष टिकवून ठेवले, ते भावंडांनी एकत्र बसून म्हटले म्हणूनच. यंदाच्या उत्सवासाठी कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना लेखी ठेवल्या आहेत. एक, दहा दिवसांतली एक संध्याकाळ घरच्या भावंडांसाठी राखून ठेवावी. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, क्रमांक नकोत. ज्यांना गायचे-वाजवायचे आहे त्यांनी यावे. दोन, मंडळाच्या खर्चाने एक चांगला कीबोर्ड आणि एक पेटी घ्यावी आणि ज्या मुलांच्या घरी वाद्य नाही त्यांना ती सरावासाठी वापरू द्यावी. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे आणि वर्गणीतील पहिला हिस्सा मी भरतो.

यंदा मांडवात ‘श्री गणेशाय धीमहि’ लागेल तेव्हा शेजारी उभ्या मुलांना एवढे जरूर सांगा, की हे दोन भावांचे पहिले काम आहे, आणि सुरुवातीला त्यांच्याकडे स्वतःचे वाद्यसुद्धा नव्हते.

गणपती बाप्पा मोरया!